पंधरा दिवसांची ताई

परीक्षा आटोपली, निकाल लागला, की आपल्या घरांतून पुढच्या प्रवेशाची धांदल सुरू होते. वर्ष ‘फुकट गेले’ हे शब्द आपल्याकडे नापास झालेल्यापुरतेच राखून ठेवलेले असतात. विलायतेत मात्र शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये एक वर्ष मुद्दाम मोकळे ठेवण्याची रीत आहे. तिला तिकडे ‘गॅप इयर’ म्हणतात. पाठीवर भलीमोठी पिशवी, खिशात बेताचे पैसे, रात्री स्वस्तातल्या वसतिगृहात मुक्काम, अशा थाटात अठरा-एकोणीस वर्षांची मुले-मुली देशोदेशी भटकतात. जग पाहतात, स्वतःचे कपडे स्वतः धुवायला शिकतात, आणि आईच्या हातच्या जेवणाची किंमतही त्यांना तिकडेच कळते. रीत खचितच वाईट नाही.

या भटकंतीतले काही दिवस सेवेला द्यावेत, ही कल्पनाही जुनी आहे. १९५८ साली इंग्लंडमध्ये अलेक डिक्सन आणि त्यांची पत्नी मोरा यांनी ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था काढली, तेव्हा तिचे पहिले स्वयंसेवक नुकतीच शाळा सुटलेली मुलेच होती. अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली ‘पीस कोअर’ सुरू केली. २००० साली इंग्लंडच्या राणीचा नातू विल्यम दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात दहा आठवडे राहिला, मुलांना इंग्रजी शिकवले, संडासही घासले. ती छायाचित्रे जगभर छापून आली.

आता आपल्या ओळखीपाळखीच्या घरांतली मुलेही लंडन-मेलबर्नला शिकायला असतात. मित्रमैत्रिणींबरोबर त्यांचाही बेत ठरतो आणि एके दिवशी घरी फोन येतो, “आई, मी सुट्टीत पंधरा दिवस कंबोडियातल्या एका अनाथाश्रमात मुलांना शिकवणार आहे.” ऐकून कोणत्या आईचा ऊर भरून येणार नाही? आपल्या पोरीला पोरक्या मुलांची माया वाटावी, याहून चांगले वळण ते कोणते! पण आशीर्वाद देण्यापूर्वी त्या आश्रमाच्या अंगणात काय चालते, तेही एकदा पाहून घ्यावे. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

अनाथ आले कोठून?

कंबोडियात सिएम रीप नावाचे गाव आहे. अंगकोर वाटचे जगप्रसिद्ध मंदिर त्याच्या उशाशीच. ते पाहायला जगभरचे प्रवासी येतात, आणि त्यांच्या मागोमाग या गावात अनाथाश्रमही उभे राहिले. काही आश्रमांतून संध्याकाळी पाहुण्यांसमोर मुलांचा नाच होई, मग पेटी फिरे. पाहुण्याला वाटे, या देशाने केवढे भोगले! १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने इथे लाखो माणसांचा बळी घेतला, तेव्हा अनाथ मुले असायचीच. पण जरा हिशेब करून पाहा. १९७९ साली पोरके झालेले मूल आज पन्नाशीच्या आसपास आहे. मग अंगणात नाचणारी आठ वर्षांची मुलगी कोणाची?

हाच प्रश्न पुढे सरकारला आणि ‘युनिसेफ’लाही पडला. २००५ साली कंबोडियात १५४ अनाथाश्रम होते, ते २०१० साली २६९ झाले. त्या पाच वर्षांत तिथे ना युद्ध झाले, ना महामारी आली. वाढले होते ते प्रवासी. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर असे आढळले, की या मुलांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी, हयात आहेत. २०१५ च्या सरकारी मोजणीत ४०६ संस्थांतून १६,५७९ मुले आढळली.

ही मुले घर सोडून येतात ती गरिबीमुळे. गावात कोणीतरी सभ्य पोशाखातला माणूस येतो. म्हणतो, शहरात शाळा आहे, इंग्रजी शिकवतात, दोन वेळचे जेवण मिळते. आपल्या कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी आयांनी छातीवर दगड ठेवून मुलगा शिकायला मुंबई-पुण्यास धाडला नाही का? वारावर जेवून तो शिकला, आणि सुट्टीत घरी आला. कंबोडियातली आईही त्याच आशेने मूल सोपवते. फरक एवढाच, की ज्या आश्रमाचा चरितार्थ प्रवाशांच्या देणगीवर चालतो, त्याला मूल घरी परत गेलेले परवडत नाही. पाहुणे यायला हवेत तर मुले हवीत, आणि मुले केविलवाणी दिसायला हवीत. स्वयंसेवकाने भरलेल्या शुल्कातून आणि देणगीतून हा संसार उभा राहतो. सगळेच आश्रम असे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पंधरा दिवसांसाठी आलेल्या परक्याला चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे ओळखता येणे फार कठीण.

हुमल्याची मुले

नेपाळची एक हकिकत या बाबतीत मोठी बोलकी आहे. २००४ साली कॉनर ग्रेनन नावाचा तिशीच्या उंबरठ्यावरचा अमेरिकन तरुण नोकरी सोडून जगप्रवासाला निघाला. आरंभी काही महिने काठमांडूजवळच्या गोदावरी गावातल्या एका बालगृहात सेवा करायची आणि मग मजेत जग फिरायचे, असा त्याचा बेत होता. सेवेचे नाव घेतले म्हणजे लोक प्रवासाला उधळपट्टी म्हणणार नाहीत, असाही त्याचा मनातला हिशेब होता. हे त्याने स्वतःच पुढे आपल्या पुस्तकात प्रांजळपणे लिहिले आहे.

तिथली मुले अनाथ म्हणून ठेवलेली होती. पुढे एके दिवशी त्यांतल्या दोघा भावांची आई समोर आली, आणि सारेच चित्र पालटले. ही मुले वायव्य नेपाळातल्या हुमला या दुर्गम जिल्ह्यातली. त्या वेळी देशात माओवादी बंडाळी चालू होती (ती १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे चालली), आणि बंडखोर मुलांना पळवून आपल्या फौजेत घेत. या भीतीचा फायदा घेऊन एका दलालाने आईबापांकडून पैसे घेतले, मुलांना सुरक्षित ठेवून शिकवण्याचे वचन दिले, आणि काठमांडूला आणून वाऱ्यावर सोडले. आईबाप हुमल्यात वाट पाहत होते, आणि इकडे मुले ‘अनाथ’ म्हणून वाढत होती!

ग्रेनन इथवरच थांबला असता, तर तोही एक हौशी पाहुणाच ठरला असता. पण तो परत आला. २००६ साली त्याने ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था काढली, आणि मुलांची छायाचित्रे बरोबर घेऊन हुमल्याच्या डोंगरांतून गावोगाव पायी फिरून त्यांचे आईबाप शोधून काढले. खेळ आणि गाणी पुष्कळांनी दिली असतील. “तुझी आई कोठे आहे?” हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर मिळेपर्यंत चालत राहणे, ही सेवा त्याहून मोलाची ठरली.

माया तुटते तेव्हा

कोणी म्हणेल, आश्रम कसाही असो, आमच्या मुलीने पंधरा दिवस मुलांना माया लावली, त्यात काय बिघडले? बिघडते ते मुलाचे. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांना लहानपणी एक दाई सांभाळत असे. ते चारएक वर्षांचे असताना ती काम सोडून गेली, आणि तो वियोग त्यांना आईच्या वियोगासारखा जन्मभर आठवत राहिला. याच बोल्बींनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहून सांगितले, की लहान मुलाला अन्नाइतकीच एका स्थिर, आपल्या माणसाची गरज असते. रुमानियात बुखारेस्ट शहरी २००० सालापासून १३६ मुलांवर एक दीर्घ अभ्यास झाला. त्यातही संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा कुटुंबात गेलेली मुले एकंदरीत चांगली वाढली, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना लाभ अधिक झाला.

आता आश्रमातल्या मुलाची स्थिती पाहा. दर पंधरवड्याला एक नवी ताई येते, कडेवर घेते, गाणी शिकवते, आणि डोळे पुसत निघून जाते. तिच्या आयुष्यातला हा पहिलाच निरोप असेल. मुलाच्या आयुष्यातला तो विसावा किंवा पन्नासावा. परक्या माणसाला पाहताच जे मूल धावत येऊन मिठी मारते, त्याच्या त्या मिठीला आपण प्रेम समजतो. आपल्या घरातले दोन वर्षांचे बाळ अनोळखी पाहुण्याला पाहून आईच्या पदराआड लपते. त्याची माया जागेवर आहे, म्हणूनच ते लपते.

जगाच्या हे हळूहळू ध्यानात येत आहे. ‘फ्रेंड्स इंटरनॅशनल’ या संस्थेने २०११ साली कंबोडियातून मोहीम काढली, की मुले ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. २०१८ साली ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, त्या वेळी अनाथाश्रमासाठी होणारा मुलांचा व्यापार हा त्या गुलामगिरीचाच प्रकार मानला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांवरच्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली.

मग जाऊ नये काय?

जावे, जरूर जावे. तरुणपणी पाठीवर पिशवी टाकून निघायचे नाही, तर काय सांधे धरल्यावर? सेवाही करावी, फक्त ती मुलांच्या काळजाशी खेळ होऊ नये. १९३४ साली बिहारात भयंकर भूकंप झाला, तेव्हा स्वित्झर्लंडचे पियेर सेरेसोल आपले सोबती घेऊन आले आणि त्यांनी हाताने घरे बांधायला मदत केली. त्यांच्याच संस्थेचे परदेशी तरुण १९५० च्या दशकात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनातही येऊन बांधकामावर राबले. पाहुणा निघून गेला तरी भिंत रडत नाही, आणि छप्पर जागेवर राहते.

म्हणून मुलीचा फोन आला, की तिला रागावू नये. तिचे मन चांगले आहे. तिला चार प्रश्न मात्र विचारावेत. पहिला, अठरा वर्षांच्या, काही शिक्षण न घेतलेल्या परक्या मुलीला आपल्या शाळेने वर्गावर सोडले असते का? दुसरा, तू परत आलीस की ते काम कोण करणार? तिसरा, तुझ्या शुल्कातून तिथल्या कोणा बाईला कायमचा पगार मिळतो का? आणि चौथा, या मुलांचे आईबाप कोठे आहेत, हे तिथे कोणी शोधते आहे का?

उत्तरे समाधानकारक नसतील, तर दुसऱ्या वाटा पुष्कळ आहेत. नोम पेन्ह शहरात ‘रोमदेंग’ नावाचे हॉटेल आहे. रस्त्यावर वाढलेल्या तरुणांना तिथे स्वयंपाक आणि वाढप शिकवून धंद्याला लावतात. तिथे जाऊन पोटभर जेवणे हीदेखील मदतच आहे. (तळलेला कोळी हा तिथला नामांकित पदार्थ, तो खाण्याची सक्ती नाही!) हिशेब येत असेल तर संस्थेच्या कचेरीत बसावे, शिकवायचेच तर तिथल्या शिक्षकांना आपल्याला येते ते द्यावे, आणि चार पैसे असतील तर ते अशा कामाला द्यावेत, की ज्यामुळे आईला मूल दूर धाडावेच लागणार नाही.

मुलाला ताई हवी असते, पण ती पंधरा दिवसांची नव्हे. आपल्या लेकीला हे विलायतेला जाण्यापूर्वी घरातच कळले, तर तिचा प्रवास थोडा कमी गोड होईल. पण दूर कुठल्या तरी खेड्यात एका आईचे मूल तिच्याजवळ राहील.