चित्रफितींचे संकलन : महागडे यंत्र की योग्य यंत्र?

२०२० साली मार्च महिन्यात टाळेबंदी लागू झाली, चर्चची दारे बंद झाली आणि मिस्साबली श्रद्धावंतांच्या घरापर्यंत पोहोचविण्यासाठी अनेक धर्मग्रामांनी घाईघाईने कॅमेरे व संगणक विकत घेतले. ती यंत्रे आता जुनी झाली आहेत. सणाचा मिस्सा, गुरुदीक्षा, नाताळचे कार्यक्रम यांच्या चित्रफितींचे संकलन, म्हणजेच व्हिडिओ एडिटिंग, आपले तरुण-तरुणी मोठ्या हौसेने करतात व नव्या संगणकाची मागणी धर्मग्राम परिषदेपुढे ठेवतात. दुकानदाराचे दरपत्रक साठ हजारांपासून काही लाखांपर्यंत कोठेही असू शकते. हा पैसा श्रद्धावंतांच्या दानातून येत असल्यामुळे त्यावर सही करणाऱ्याने निदान मूळ प्रश्न समजून घेतला पाहिजे.

तो प्रश्न असा : संकलन करताना चित्र अडखळते ते नेमके कशामुळे?

कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी टिपतो, परंतु प्रत्येक चौकट संपूर्ण साठवीत नाही. एक चौकट पूर्ण साठवून पुढील चौकटींमध्ये केवळ काय बदलले एवढेच तो नोंदवितो. एच.२६४ आणि एचईव्हीसी या प्रचलित पद्धती अशाच चालतात. त्यामुळे फाइल लहान होते. मात्र संकलकाने मधल्याच एखाद्या चौकटीवर बोट ठेवले की संगणकाला मागे जाऊन पूर्ण चौकट शोधावी लागते व तेथून पुढचे सारे बदल जुळवीत यावे लागते. तीन कॅमेऱ्यांचे चित्र एकाच वेळी चालविताना हे काम तिप्पट होते. याउलट प्रोरेस ही संकलनासाठीच बनविलेली पद्धत प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठविते. उलगडणे सोपे, पण फाइल अवाढव्य.

आकडेच पाहू या. कॅमेऱ्याची ४के फाइल सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने नोंदविली तर तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. प्रोरेस ४२२ मध्ये तेच चित्र तासाला २२१ गिगाबाइट घेते. तीन कॅमेरे व दोन तासांचा सोहळा धरला तर पहिल्या प्रकारात २७० गिगाबाइट, दुसऱ्यात तेराशेहून अधिक. पहिल्या प्रकारात तिन्ही चित्रे मिळून डिस्कवरून सेकंदाला जेमतेम ३८ मेगाबाइट वाचावे लागतात, जे साधी हार्ड डिस्कही सहज करते. तेथे दमछाक होते ती उलगडणाऱ्या भागाची. दुसऱ्या प्रकारात उलगडणे हलके, पण सेकंदाला सुमारे १८५ मेगाबाइट वाचताना साधी हार्ड डिस्क थकते व एसएसडीची गरज भासते. आपण कोणत्या फाइलवर काम करतो हे ठाऊक नसताना यंत्राची किंमत विचारण्यात अर्थ नाही.

उलगडण्याचे काम करण्यासाठी आजच्या चिपमध्ये एक स्वतंत्र लहानसा विभाग असतो, आणि दरपत्रकात त्याचा बहुधा उल्लेखही नसतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तो आतील ग्राफिक्स विभागासोबत येतो. ज्या प्रोसेसरच्या क्रमांकापुढे 'एफ' हे अक्षर असते, त्यात हा विभाग बंद केलेला असतो. किंमत थोडी कमी असते म्हणून दुकानदार तोच सुचवितो. दुसरी गोष्ट, बरेच नवे कॅमेरे रंगांची अधिक माहिती राखणारी १० बिट ४:२:२ एचईव्हीसी फाइल देतात. ती इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे डेस्कटॉप प्रोसेसर व अ‍ॅपलच्या चिप उलगडू शकतात. एनव्हिडियाच्या कार्डांना मात्र ही क्षमता २०२५ साली आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेतच मिळाली. माझ्या पाहण्यातील एका गटाने एक लाखाहून अधिक खर्च केला, त्यातील मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा. आणि नेमक्या याच फाइलींवर ते कार्ड स्वस्थ बसून राहिले.

किंमत व क्षमता यांचे नाते किती वेगाने बदलते याचे बोलके उदाहरण अ‍ॅपलचेच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये विक्रीस आलेल्या मॅक प्रोची किंमत ५,९९९ डॉलरपासून सुरू होत असे आणि प्रोरेस उलगडण्यासाठी आफ्टरबर्नर नावाचे कार्ड वेगळे २,००० डॉलरला मिळे. जानेवारी २०२३ मध्ये ५९९ डॉलरच्या, भारतात ५९,९०० रुपयांच्या, मॅक मिनीत प्रोरेसचा विभाग चिपमध्येच आला. त्याच वर्षीच्या मॅक प्रोत अशा सात कार्डांची क्षमता अंगभूत असल्याचे कंपनीने सांगितले. ज्यांनी ते कार्ड विकत घेतले होते त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, कोण जाणे! आज्ञावलीचेही तसेच. दा विंची प्रणाली एकेकाळी लाखो डॉलरची होती. २००९ साली ब्लॅकमॅजिकने ती घेतली, २०१० मध्ये ९९५ डॉलरला विकली आणि २०११ मध्ये मोफत आवृत्ती दिली. मोफत आवृत्तीतून ४के चित्रफीत तयार होते, म्हणजे धर्मग्रामाचे काम भागते.

मग मोठे ग्राफिक्स कार्ड निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. रंगसंस्कार, मंद प्रकाशातील चित्राचे दाणे काढणे, विशेष दृश्यपरिणाम, ही कामे त्याचीच आहेत. रोज जाहिराती वा लघुपट करणाऱ्याला त्याचे मोल वसूल होते. वर्षाकाठी आठ-दहा सोहळे जोडणाऱ्या गटाला मात्र ते होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना संगणक टाकण्यापूर्वी 'प्रॉक्सी'चा मार्ग जरूर अवलंबावा. मूळ फाइलींच्या हलक्या प्रती रात्रभरात बनवून त्यांवर संकलन करायचे व शेवटी मूळ फाइली जोडायच्या. फुल एचडी प्रोरेस प्रॉक्सी तासाला सुमारे १७ गिगाबाइट घेते; वरील सोहळ्यासाठी शंभरेक गिगाबाइट पुरतात. आठ वर्षांचे यंत्रही मग मुकाट्याने चालते.

नवीनच घ्यायचे असेल तर मॅक मिनी सर्वांत स्वस्त व शांत पर्याय ठरतो. पण त्याची मेमरी नंतर वाढविता येत नाही, आणि प्राथमिक प्रकारातील २५६ गिगाबाइट जागा एका सोहळ्यालाही अपुरी, म्हणून बाहेरील एसएसडीचा खर्च आधीच धरावा. जुळवून घेतलेल्या संगणकात मेमरी व डिस्क पुढे वाढविता येतात, आणि बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. दोन्ही बाबतींत यूपीएस व मूळ फाइलींची दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत यांचा खर्च दरपत्रकात नसतो. तो आपण लिहावा. वीज गेल्यास सोहळा पुन्हा होत नाही.

दुकानात जाताना आपल्याच कॅमेऱ्याच्या, त्याच सेटिंगवर घेतलेल्या तीन फाइली पेनड्राइव्हवर न्याव्यात. त्या यंत्रातील डिस्कवर उतरवून संकलनाच्या पट्टीवर एकावर एक ठेवाव्यात, तिन्ही एकाच पडद्यावर चालवाव्यात व मध्येच पुढे-मागे सरकवून पाहावे. दुकानदार त्याऐवजी स्वतःची नमुना चित्रफीत दाखवू लागला तर नम्रपणे नकार द्यावा.