स्नायुप्रथिनविरोधी आत्मप्रतिपिंडे
शरीरातील स्नायूंच्याच प्रथिनांना परकीय समजून त्यांच्याविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडे (जंतू, विष इ. परकीय पदार्थांच्या प्रतिकारासाठी रक्तात निर्माण होणारी विशिष्ट प्रथिने). त्यांचा सर्वांत सखोल अभ्यास गंभीर स्नायुदुर्बलता (मायस्थेनिया ग्रॅव्हिस) या रोगात झाला आहे. या रोगात श्रमाने स्नायू लवकर थकतात व विश्रांतीने काही काळ सावरतात. पापण्या खाली येणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, चावताना जबडा थकणे, बोलताना आवाज अनुनासिक होणे ही लक्षणे असून ती सायंकाळी वाढतात. संवेदना शाबूत असतात. श्वसनाचे स्नायू दुर्बल झाल्यास जीवास धोका उत्पन्न होतो.

कारणमीमांसा : तंत्रिकेच्या टोकातून स्रवणारे ॲसिटिलकोलीन स्नायुपटलावरील ग्राही प्रथिनांना चिकटले म्हणजे स्नायू आकुंचन पावतो. सर्व शरीरभर पसरलेल्या प्रकारातील सु. ८५% रोग्यांत या ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात. ती ग्राही अडवतात, त्यांचा ऱ्हास घडवितात व रक्तातील पूरक प्रथिनांच्या साहाय्याने स्नायुपटलाचीही हानी करतात. रोगी मातेच्या नवजात बालकात कधीकधी काही आठवडे तशीच दुर्बलता दिसते, कारण मातेची प्रतिपिंडे वारेतून त्याच्या रक्तात उतरतात. ग्राहीविरोधी प्रतिपिंडे नसलेल्या काही रोग्यांत मस्क या दुसऱ्या पटलप्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असल्याचे २००१ मध्ये आढळून आले.

इतिहास : टॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये या रोगाचे वर्णन केले. १९३४ मध्ये मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनाचा उपयोग दाखविला. १९६० मध्ये जॉन सिम्प्सन यांनी हा आत्मप्रतिरक्षाजन्य रोग असावा असे मत मांडले. त्याच वर्षी आर्थर स्ट्राउस व त्यांचे सहकारी यांना रोग्यांच्या रक्तात स्नायूंच्या पट्टेदार रचनेस चिकटणारी प्रतिपिंडे आढळली. ग्राही ओळखण्यास सर्पविषाने साहाय्य केले. चांग व ली यांनी १९६३ मध्ये तैवानात मण्यारीच्या एका जातीच्या विषातून वेगळे केलेले बुंगारोटॉक्सिन या ग्राहीस घट्ट चिकटते. १९७३ मध्ये पॅट्रिक व लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत् मत्स्यापासून मिळविलेले ग्राही सशांना टोचले, तेव्हा सशांत तशीच दुर्बलता उत्पन्न झाली.

अंतर्भागातील प्रथिने : पट्टेदार रचनेस चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे एक प्रमुख लक्ष्य टायटिन असल्याचे १९९० मध्ये दिसून आले. हे मानवी शरीरातील ज्ञात प्रथिनांपैकी सर्वांत मोठे असून ते स्नायुतंतूत स्प्रिंगेसारखे कार्य करते. दुसरे लक्ष्य म्हणजे तंतूच्या आत कॅल्शियम मुक्त करणारा रायनोडीन ग्राही होय. ही प्रथिने पेशीच्या आत असल्याने त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे दुर्बलतेचे प्रत्यक्ष कारण ठरलेली नाहीत. त्यांचे महत्त्व सूचक म्हणून आहे. तरुण रोग्यात ती आढळल्यास यौवनलोपी ग्रंथीच्या (छातीच्या हाडामागील, वयात आल्यावर आकसणाऱ्या ग्रंथीच्या) अर्बुदाची शंका घ्यावी लागते. उतारवयात सुरू होणाऱ्या रोगात मात्र ती अर्बुदाशिवायही पुष्कळदा आढळतात.

निदान व उपचार : मण्यारीचे विषही याच संधिस्थानी कार्य करीत असल्याने दोन्हींची लक्षणे सारखी दिसू शकतात. घोड नदीकाठचे शिरूर व भीमाकाठचे दौंड यांसारख्या पुणे जिल्ह्यातील शेतीप्रधान भागांत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्यास चावते व दंशाची खूण अनेकदा दिसत नाही. काल धडधाकट असलेल्या व्यक्तीच्या पापण्या एका रात्रीत मिटू लागल्या, तर खूण नसली तरी सर्पदंश गृहीत धरून तिला तातडीने रुग्णालयात न्यावे. स्नायुदुर्बलता सामान्यतः आठवडे वा महिने चढउतार दाखवीत वाढते. पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवल्यास ती वर उचलली जाणे, ही साधी कसोटी तालुक्याच्या ठिकाणीही करता येते; निश्चितीसाठी रक्तातील प्रतिपिंडांची व तंत्रिका-स्नायूंची विद्युत् तपासणी करतात आणि अर्बुदासाठी छातीचे संगणकीय क्ष-किरण चित्र घेतात.

पिरिडोस्टिग्मिनाने लक्षणे कमी होतात. स्टेरॉइडे व ॲझाथायोप्रीन प्रतिपिंडनिर्मिती रोखतात. श्वसनसंकटात रक्तद्रव बदलणे किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलीन देणे आवश्यक ठरते. अर्बुद असल्यास शस्त्रक्रियेने ग्रंथी काढतात. अर्बुद नसलेल्या, ग्राहीविरोधी प्रतिपिंडे असणाऱ्या रोग्यांतही ती काढण्याचा लाभ २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आला. जेंटामायसिनासारखी प्रतिजैविके व मॅग्नेशियमाची अंतःक्षेपणे दुर्बलता एकाएकी वाढवू शकतात; म्हणून रोग्याने आपल्या रोगाचे नाव लिहिलेली चिठ्ठी नेहमी जवळ बाळगणे हिताचे असते. योग्य उपचार वेळीच मिळाल्यास बहुतेक रोगी आपले नेहमीचे व्यवहार करू शकतात.