समोर पुढारी असला तर बाईने काय करायचं?

आम्ही काटेवाडीच्या बचतगटांतल्या बाया.

मागच्या महिन्यात आमची मासिक बैठक संपत आली होती. हप्ते जमा झाले, वह्या भरून झाल्या, चहा आला. ज्यांच्या घरी बैठक होती तिथे टीव्ही चालू होता. कुठल्याशा पुढाऱ्यावर एका बाईने केलेल्या आरोपाची बातमी होती. एक मावशी म्हणाल्या, "बघा आता, आठ दिवस गाजेल आणि शेवटी बाईच खोटी ठरेल." दुसरी म्हणाली, "पैसे घेऊन बोलत असंल." तिसरी काहीच बोलली नाही. कप तसाच ठेवून, वही पिशवीत घालून ती उठली.

ती का उठली हे आमच्यातल्या दोघीतिघींना ठाऊक होतं. आजचं बोलणं तिच्यामुळेच आहे. तिला विचारूनच बोलतोय. तिचं गाव आणि काम मात्र सांगणार नाही.

सात वर्षांपूर्वी ती एका ठिकाणी रोजंदारीवर कामाला होती. तिथल्या एका वजनदार माणसाने तिच्यावर हात टाकला. कशीबशी सुटून ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे आली. पिशवीत फाटलेलं ब्लाऊज होतं. आम्ही तिला काय सांगितलं? "आत्ता निवडणूक तोंडावर आहे. तुझ्या मालकांचं काम त्याच माणसाच्या हातात आहे. थोडं थांब, शांत हो, हे धुऊन टाक." आमच्या मनात तिचं वाईट नव्हतं. पण तिला गप्प आम्हीच केलं. तो माणूस आजही हार घालून घेतो आणि ती आजही त्या रस्त्याने जात नाही. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायचं आम्ही ठरवलं. जे शिकलो ते तुमच्यापुढे मांडतोय.

बाई लगेच का बोलत नाही?

"खरं असतं तर तेव्हाच बोलली असती," असं आपण सहज म्हणतो. पण आपल्या भागात ज्याच्या हातात सत्ता असते, त्याच्या हातात काय काय असतं ते मोजून बघा. घरकुलाच्या यादीतलं नाव. पाण्याची पाळी. उसाला वेळेवर मिळणारी तोड. सोसायटीचं कर्ज. पोराची नोकरी. बाईने तोंड उघडलं तर यातलं काहीही एका फोनवर थांबू शकतं. ती घरातल्या पाच माणसांच्या भाकरीचा विचार करून गप्प बसते. त्यात तक्रार जिथे करायची, त्या ठाण्याच्या साहेबांबरोबर तोच माणूस चहा पिताना तिने पाहिलेला असतो.

जळगावात काय झालं?

1994 साली जळगावचं प्रकरण उघडकीस आलं. मुलींना आणि बायांना फसवून, धमकावून त्यांच्यावर अत्याचार केले, फोटो काढले आणि ते दाखवून पुन्हा पुन्हा त्रास दिला, असे आरोप होते. आरोपींमध्ये स्थानिक राजकारणातली माणसं होती. राज्यभर मोर्चे निघाले, विशेष तपास झाला, विशेष न्यायालयात खटले चालले. पण बहुतेक खटल्यांत आरोपी सुटले. कितीतरी मुली पुढे आल्याच नाहीत. कुणाचं लग्न ठरलेलं होतं, कुणाचं झालं होतं. गावाने आरोपींची नावं विसरायला वेळ लावला नाही, पण "ती जळगावची का?" असं तिथल्या मुलींच्या स्थळाच्या वेळी विचारलं जायला लागलं. ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता अशा मुलींनाही ते ऐकावं लागलं. गुन्हा एकाचा आणि डाग दुसरीवर, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं.

कायदा बदलला तो एका मजूर मुलीमुळे

त्याआधीची एक गोष्ट आपल्याच राज्यातली आहे. 1972 साली विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. मुलीने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असावी, असा तिथे अर्थ काढला गेला. 1979 साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं आणि देशभर बाया रस्त्यावर आल्या.

त्यातून 1983 साली कायदा बदलला. पोलीस, सरकारी नोकर यांच्यासारख्या अधिकारातल्या माणसाने केलेल्या बलात्काराला वेगळी, जास्त कडक शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने "माझी संमती नव्हती" असं कोर्टात सांगितलं, तर कोर्ट तिची संमती नव्हती असं धरून चालतं. उलट सिद्ध करणं आरोपीवर येतं. पुढे 2013 साली त्यात आणखी एक भर पडली : ज्या माणसाचा बाईवर ताबा किंवा वरचष्मा आहे, त्याने बलात्कार केला तर तोही याच कडक कलमात येतो. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 64 मध्ये हे आहे. शिक्षा किमान 10 वर्षं, आणि मरेपर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो. म्हणजे ज्या सत्तेला आपण घाबरतो, तीच सत्ता कायद्याच्या नजरेत गुन्हा मोठा करते. हे आम्हाला माहीतच नव्हतं.

एका साडीने दिलेली साक्ष

शेजारच्या कर्नाटकातलं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. प्रज्वल रेवण्णा हा हासनचा तेव्हाचा खासदार, माजी पंतप्रधान देवेगौडा यांचा नातू. 2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत त्याचे व्हिडिओ बाहेर आले आणि तो जर्मनीला निघून गेला. 31 मे 2024 रोजी परतला तेव्हा विमानतळावरच त्याला अटक झाली. त्यांच्या फार्महाऊसवर घरकाम करणाऱ्या एका बाईने तक्रार दिली होती. समोर केवढं घराणं आहे ते बघा, आणि इकडे धुणीभांडी करणारी बाई.

त्या खटल्यात तिची साडी पुरावा ठरली. पोलिसांना ती सापडली, प्रयोगशाळेत गेली आणि तिच्यावरचा डीएनए आरोपीशी जुळला. 1 ऑगस्ट 2025 रोजी बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी जन्मठेप दिली. बाईवर वरचष्मा असलेल्या माणसाचं जे कलम आत्ता सांगितलं, ते यात लागलं. दंडातला मोठा वाटा त्या बाईला द्यायला सांगितला. वरच्या कोर्टात अपील करायचा त्याला हक्क आहे आणि इतर खटले वेगळे आहेत. पण घरकाम करणाऱ्या बाईचा शब्द कोर्टात टिकला, हे झालं.

ही बातमी आली तेव्हा आम्हाला ते धुऊन टाकलेलं ब्लाऊज आठवलं.

त्याच प्रकरणातली दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पेन ड्राइव्हमधून, मोबाइलवरून बायांचे चेहरे गावोगाव फिरले. ज्यांनी तक्रारही केली नव्हती, त्यांना घर सोडून जावं लागलं. असा व्हिडिओ तुमच्या ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका. "बघा काय चाललंय" म्हणून पाठवणाराही गुन्हेगारच ठरतो. अत्याचार झालेल्या बाईचं नाव किंवा ओळख जाहीर केली तर 2 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणि ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या शेजारी फलटणला काय घडलं ते विसरता येत नाही. एका तरुण डॉक्टर मुलीने तळहातावर दोघांची नावं लिहून जीव दिला. आरोप पोलीस अधिकाऱ्यावर होता आणि राजकीय दबावाचंही बोललं गेलं. खरंखोटं कोर्ट ठरवेल. पण तिने आधी लेखी तक्रारी केल्या होत्या, हे बाहेर आलं तेव्हा आमच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. शिकलेली, पगारदार मुलगी लिहून लिहून थकली, तर आपल्यातलीला किती जणींची साथ लागेल?

मग करायचं काय?

पहिलं काम पुराव्याचं. कपडे धुऊ नका. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. जमलं तर तपासणीआधी अंघोळ करू नका. झाली असली तरी दवाखान्यात जाच. सरकारी असो की खासगी, कुठल्याही दवाखान्याने उपचार मोफत करायचे आहेत आणि नकार देणं हा गुन्हा आहे. "आधी पोलिसांत जा" असं दवाखान्याला म्हणता येत नाही. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने बंद केली आहे. कुणी करू लागलं तर नाही म्हणा.

दुसरं, तक्रार. आपल्या ठाण्यावर त्या माणसाचं वजन असेल तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात जा. ते 'शून्य क्रमांकाने' गुन्हा नोंदवून पुढे पाठवतात. जबाब महिला पोलिसाने घ्यायचा असतो. बलात्काराच्या प्रकरणात जबाब आपल्या घरी देता येतो आणि जवळ नातेवाईक किंवा सामाजिक कार्यकर्ती बसू शकते. म्हणजे गटाची ताई तिथे बसू शकते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

नोंद घ्यायला नकार दिला तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपा. तरीही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. बलात्काराची नोंद न घेणाऱ्या पोलिसाला 6 महिने ते 2 वर्षं शिक्षा आहे. आमदार, खासदार किंवा अधिकारी असला तरी बलात्काराच्या खटल्याला सरकारच्या परवानगीची गरज नाही.

तिसरं, एकटं राहायचं नाही. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी बारामती किंवा इंदापूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर 15100 वर फोन करा. धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. आपल्या राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे. तिच्यातून 10 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुलगी 18 वर्षांखालची असेल तर पोक्सो कायदा लागतो, आणि माहीत असूनही गप्प बसणाऱ्यालाही शिक्षा आहे.

त्रास देणारा माणूस स्वतःच मालक असेल, किंवा कामावर दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडेही तक्रार करता येते. ती 3 महिन्यांच्या आत द्यायची. घरकाम करणाऱ्या बायाही यात येतात.

आणि आरोप खोटा असला तर?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो विचारलाच पाहिजे. आरोप झाला म्हणजे माणूस दोषी झाला, असं नाही. राजकारणात एकमेकांना पाडायला बाईचा वापर होतो, हेही आपण पाहतो. पण त्याचा निकाल आपण चहाच्या कपावर लावायचा नाही. त्यासाठी तपास आहे, कोर्ट आहे. आपल्याकडून एवढंच हवं की तक्रार नोंदली जावी, पुरावा जपला जावा आणि तोवर बाईच्या चारित्र्यावर कुणी बोलू नये. पुढारी आपल्या जातीचा, आपल्या पक्षाचा असला तरी हाच नियम. विरोधी पक्षातल्या माणसावर आरोप झाला की आपण मोर्चा काढतो आणि आपल्या माणसावर झाला की "कट आहे" म्हणतो. बायांनी तरी तसं करू नये.

मत मागायला येतील तेव्हाही एक करता येतं. उमेदवाराला स्वतःवरचे गुन्हे प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावे लागतात, आणि ते कुणालाही वाचता येतं. मागच्या निवडणुकीच्या वेळी आमच्या गटातल्या कॉलेजच्या पोरींनी ते मोबाइलवर काढून सगळ्यांना वाचून दाखवलं. साडी आणि डब्यांपेक्षा त्या कागदाची चर्चा जास्त झाली.

आता त्या तिसरीबद्दल. पुढच्या बैठकीत तिनेच विचारलं, "सात वर्षं झाली, आता काही होतं का?" आम्ही विधी सेवा समितीच्या वकीलबाईंना विचारून आलो. विनयभंगाला 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्या गुन्ह्याला 3 वर्षांहून जास्त शिक्षा असते, त्याच्या तक्रारीला मुदत नसते. बलात्कारालाही नसते. उशीर का झाला ते सांगावं लागेल, पुरावा आता कमी आहे, पण दार बंद नाही. तिने अजून ठरवलेलं नाही. तो निर्णय तिचा आहे. यावेळी आम्ही "थांब"ही म्हटलं नाही आणि "जाच"ही म्हटलं नाही. "जाशील तेव्हा आम्ही बरोबर आहोत," एवढं म्हटलं आणि तिची माफी मागितली.

गटाच्या इतिवृत्तात आता एक ठराव लिहिलेला आहे : कुठलीही बाई अशी तक्रार घेऊन आली, तर दोघीजणी लगेच तिच्याबरोबर जातील आणि त्या दिवशीची त्यांची मजुरी गट देईल. तुमच्या गटातही लिहून ठेवा. तातडीला 112, महिलांसाठी 181, कायद्याच्या मदतीला 15100. हे तीन आकडे बचतीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ती वही तर आपण रोज उघडतो.