उचलीचा हिशेब



शहरात हल्ली एक धंदा जोरात चालतो. कोणाची बदली झाली, कोणी घर बदलले, की सामान हलवणाऱ्या कंपनीला फोन करतात. कंपनीची माणसे येतात. भांडी कागदात गुंडाळतात, खोक्यात भरतात. कपाट, पलंग, फ्रिज पाठीवर घेऊन चार मजले उतरतात आणि ट्रकमध्ये चढवतात. नव्या घरी सगळे नेऊन लावून देतात.

घरमालकाला पाठ दिसते, माणूस दिसत नाही. तो माणूस बहुधा आपल्यासारख्याच खेड्यातला असतो.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चौथीत शाळा सुटलेली, लिहिणे-वाचणे विसरलेला. सहा महिने तो असल्याच हमालीवर होता. पाया पडला आणि गप्प बसून राहिला.

मी विचारले, “काय रे, कमाई किती झाली?”

तो म्हणाला, “कमाई कसली, गुरुजी? वीस हजार देणं आहे अजून. पाडवा झाला की परत जायचं. नाही गेलो तर मुकादम घरी येईन म्हणतो.”

निघताना मुकादमाने त्याला एक कागद दिला होता. खाली त्याचाच अंगठा होता. वर काय लिहिले आहे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. मी तो मोठ्याने वाचला.

बहिणीच्या लग्नासाठी त्याने २०,००० रुपये उचल घेतली होती. पगार महिना ९,००० ठरला. सहा महिन्यांचे ५४,००० झाले. आता कपात पाहा. खानावळीचे १८,०००. खोलीभाडे ९,०००, खोली कसली, गोदामात खोक्यांवर झोपायचे! फुटतुटीचे १५,०००, कुठे आरसा तडकला, कुठे फ्रिजला ओरखडा आला, सारे याच्या नावावर. खाड्यांचे ६,०००. उचलीचे व्याज ६,०००. करा बेरीज. बरोबर ५४,००० येते. पगार सगळा गेला आणि उचल होती तेवढीच राहिली.

आधार कार्ड मुकादमाकडे. बँकेचे कार्डही मुकादमाकडे. मग जाणार कुठे?

मंडळी, हीच वेठबिगारी. ही काही आजची नव्हे. पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, वारली माणूस लग्नासाठी सावकाराचे पैसे घेई. मग नवराबायको दोघेही त्याच्याकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या सोबतीने वारली उठले आणि त्यांनी वेठीला नकार दिला.

पुढे कायदाही झाला. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठ आणि सक्तीची मजुरी यांना बंदी आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज रद्द होते. ते फेडावे लागत नाही. वेठबिगार ठेवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी पैशात राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्या. उचल घेणे हा गुन्हा नाही. कोणी सचोटीने उचल दिली तर ती फेडावी. पण उचलीच्या नावाखाली पुरता पगार न देणे, दुसरे काम धरू न देणे, जाऊ न देणे, हा गुन्हा आहे. पैसा देणे लागतो म्हणून माणूस गहाण पडत नाही.

बरे, कंपनीला विचारले तर ती काय म्हणते? “तो आमचा माणूस नव्हे, मुकादमाचा माणूस.” ही पळवाट जुनीच. हमालाला रोज नवा मालक, म्हणून जबाबदार कोणीच नाही, असे पूर्वी आपल्याकडेही होते. त्यावर हमालांनी संघटना केली. अण्णासाहेब पाटील त्यांचे पुढारी. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. हा कायदा लागू असेल तिथे हमालाचे नाव मंडळात नोंदतात. मालक मजुरी मंडळाकडे भरतो, मंडळ ती हमालाला देते. भविष्य निर्वाह निधीसारख्या सोयींचे पैसेही मालकालाच वर द्यावे लागतात. मध्ये मुकादमाची वही येत नाही.

इंग्लंडात २०१५ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना दरवर्षी जाहीर निवेदन द्यावे लागते. आपल्या कामात, आणि आपल्याला माल व माणसे पुरवणाऱ्यांच्या कामात, गुलामी नसावी म्हणून काय केले, हे त्यात सांगायचे. खोके कोणी बनवले, ट्रकवर क्लीनर कोण आहे, गोदामात कोण झोपतो, हे सारे त्यात आले.

पण कागद लिहिणे सोपे. खरे काम गोदामात आहे. कंपनीने पगार थेट मजुराच्या खात्यात भरावा. कोणाचीही कागदपत्रे अडकवू देऊ नयेत. फुटतूट मजुराच्या माथी मारू नये. पोरे कामाला लावू नयेत. आणि मुकादम जवळ नसताना मजुराला विचारावे, “बाबा, तुला जायचे असेल तर जाता येते का?”

आपण काय करावे? वाचल्याशिवाय सही करू नये, अंगठा देऊ नये. आधारची नक्कल द्यावी, मूळ कार्ड देऊ नये. कामाचे ठिकाण, मुकादमाचे नाव आणि फोन घरी लिहून ठेवावा. रोजचे काम आणि हाती आलेला पैसा आपल्या वहीत लिहावा. अडकलात तर जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा तहसीलदारांकडे अर्ज करावा. वेठबिगाराला वकील फुकट मिळतो. त्यासाठी विधी सेवेचा फोन १५१०० हा आहे.

आमचा गडी पाडव्यानंतर परत गेला नाही. त्याच्या वतीने मी जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. चौकशी झाली, कर्ज रद्द झाले, आधार कार्ड परत आले. बुडालेल्या पगाराचे काम अजून चालू आहे. आता तो रात्रीच्या वर्गाला येतो. परवा त्या कामाच्या दुसऱ्या अर्जावर मी शाईची डबी पुढे केली, तर म्हणाला, “राहू द्या गुरुजी, पेन द्या.”