खोदा, पण विचारून!

फ्लॅट नवा, किचन चकाचक, पण गॅसची मेन लाइन नेमकी समोरच्या फुटपाथखाली! मधला रस्ता तुमच्या सोसायटीचा नाही, महापालिकेचा आहे. मुंबईत तिथे चर खणायचा तर गॅस कंपनीला वॉर्ड ऑफिसात अर्ज करावा लागतो. चराची लांबी-रुंदी मोजून रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च आधीच भरायचा. वर ट्रॅफिक पोलिसांची एनओसी. (पाण्याचं कनेक्शन असेल तर अर्ज लायसन्सवाल्या प्लंबरमार्फत.)

खरी गोची मात्र कॅलेंडरची. पावसाळ्याआधीच नवीन खोदकाम बंद होतं, मग पाइप फुटण्यासारखी इमर्जन्सी सोडली तर थेट ऑक्टोबर उजाडतो. दुसरी गोची काँक्रीटची. नव्याकोऱ्या काँक्रीट रस्त्यावर पुन्हा खोदायला परवानगी मिळणं महाकठीण. तेव्हा गल्लीत काँक्रीटीकरणाचा बोर्ड लागला, की सेक्रेटरीकाकांना त्याच आठवड्यात मीटिंग लावायला सांगा. गॅस, पाणी, ब्रॉडबँड, जे काय टाकायचंय ते रस्ता उघडा असतानाच टाकून घ्या. आणि ‘रात्रीत उरकतो, परमिशन कशाला?’ म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला आधी परवानगीचा कागद दाखवायला सांगा.