रोही, हरीण आणि सातबारा : शिकारीच्या मक्त्याविषयीचे काही गैरसमज

यवतमाळ जिल्ह्यातील नेर परसोपंत हा कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकवणारा तालुका असून, रोही (नीलगाई), हरणे आणि रानडुकरे यांचे शेतात उतरणे हा येथील शेतीच्या हिशेबातला कायमचा खर्च आहे. अमेरिकेत, विशेषतः टेक्सास राज्यात, जमीनमालक हरणांच्या शिकारीसाठी आपले रान हंगामापुरते भाड्याने देतात आणि त्याचे एकरी दर ठरलेले असतात, ही माहिती आता कोणालाही सहज मिळते. त्यावरून, जी जनावरे फुकटात पीक खातात त्यांच्याच जोरावर चार पैसे का मिळवू नयेत, शेत बटईने किंवा मक्त्याने देता येते तसे ते शिकारीसाठीही का देऊ नये, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. या विचाराच्या मुळाशी मालकी, परवाना आणि भरपाई यांविषयीचे अनेक गैरसमज एकमेकांत गुंतलेले आहेत.

पहिला समज असा की, सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचीच त्या शेतात चरणारी जनावरे. वास्तविक, सातबारा हा जमिनीचा अधिकार अभिलेख आहे. त्यात विहीर आणि झाडे यांची नोंद होते, पण मोकळ्या वन्यप्राण्यावर त्यामुळे कोणताही हक्क निर्माण होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 याच्या कलम 39 नुसार शिकार झालेला, मृत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी, तसेच त्याचे मांस, कातडे आणि शिंगे ही शासनाची मालमत्ता ठरते आणि अशी वस्तू ज्याच्या ताब्यात येईल त्याने 48 तासांच्या आत तिची माहिती द्यावी लागते. बांधावर मेलेल्या काळविटाची शिंगे घरात आणून भिंतीवर लावणे हादेखील म्हणूनच निरुपद्रवी हौसेचा भाग नसून गुन्हा आहे. येथे एक बारकावा सहसा सुटतो: हे कलम मुख्यतः मारलेल्या, मेलेल्या किंवा बंदिस्त प्राण्याविषयी बोलते, त्यामुळे रानात हिंडणारा प्राणी शेतकऱ्याचा नाही हे जितके खरे आहे, तितकेच तो सरकारच्या गोठ्यातला आहे असे म्हणणेही कायद्याच्या भाषेला धरून नाही, राज्य त्याचे विश्वस्त आहे, असे मानण्याकडे न्यायविचाराचा कल आहे.

ज्या अमेरिकेचे उदाहरण दिले जाते तेथेही हरीण जमीनमालकाचे नसते. वन्यप्राणी ही जनतेची ठेव असून राज्य ती सांभाळते, हे तत्त्व तेथे शंभर वर्षांहून अधिक काळ मान्य आहे, आणि म्हणून मक्त्यात जे विकले जाते ते हरीण नव्हे, तर जमिनीवर पाऊल ठेवण्याची मुभा असते. टेक्सासमधील सुमारे 95 टक्के जमीन खासगी असल्याने या मुभेला किंमत येते. ती एकरी किंवा बंदूकवारी, म्हणजे प्रत्येक शिकाऱ्यामागे, ठरते आणि जमिनीवरचे पाणी, झाडोरा, शहरापासूनचे अंतर आणि नरांच्या शिंगांचा लौकिक यांनुसार एकरी काही डॉलरपासून वीस-पंचवीस डॉलर किंवा त्याहून वर जाते. शिवाय शिकाऱ्याला राज्याचा स्वतंत्र परवाना काढावा लागतो, हंगामाच्या तारखा आणि मारायच्या जनावरांची संख्या राज्यच ठरवते, आणि अपघाताच्या जबाबदारीचा विमा, चाऱ्याची यंत्रे, मचाणे यांचा खर्च वेगळा पडतो. थोडक्यात, मालकाला भाडे घेता येते ते राज्याने आधी शिकारीला मुभा दिल्यामुळे. भारतात ती आधीची पायरीच नाही.

ती नाही म्हणजे नेमके काय, हे कलम 9 वरून कळते. अनुसूचीत नोंदलेल्या कोणत्याही वन्यप्राण्याची शिकार या कलमाने निषिद्ध केली आहे, आणि ‘शिकार’ या संज्ञेत केवळ ठार मारणे येत नाही, तर विष घालणे, फासे किंवा सापळे लावणे, हाका करून प्राण्याला पिटाळणे, आमिष ठेवणे, जखमी करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व येते. गुन्ह्यास साह्य करणाराही कलम 52 नुसार गुन्हेगारच धरला जातो. त्यामुळे पैसे घेऊन शिकाऱ्याला शेतात येऊ देणारा मालक ‘मी गोळी झाडली नाही’ या बचावावर सुटू शकत नाही. शिवाय शिकारीसाठी वापरलेले वाहन आणि शस्त्र जप्त होते. असा करार कागदावर उतरवला तरी भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 23 प्रमाणे त्याचा उद्देशच बेकायदा असल्याने तो शून्य ठरतो, म्हणजे ठरलेली रक्कम बुडाली तर ती न्यायालयातून वसूल करण्याचाही मार्ग उरत नाही. शेतजमिनीचा मक्ता ही वेगळी गोष्ट आहे. विदर्भात तिचे नियमन कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, 1958 याने होते आणि तो कायदा शेती कसण्याविषयी आहे, शिकारीविषयी नाही. शिकारीच्या मक्त्याचा नेरमधील एकरी दर, म्हणून, शून्यही नाही. तो अस्तित्वातच येऊ शकत नाही.

हा कायदा जंगलापुरता किंवा अभयारण्यापुरता आहे, शेतात तो लागू होत नाही, असेही मानले जाते. नेरच्या पश्चिमेला, वाशीम जिल्ह्यात, सुमारे 18 चौरस किलोमीटरचे कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे आणि दक्षिणेला पांढरकवड्याकडे टिपेश्वर अभयारण्य आहे. पण काळवीट हा मुळात उघड्या माळरानाचा प्राणी असल्याने तो अभयारण्याची हद्द पाहून चरत नाही आणि कायद्याचे संरक्षणही त्या हद्दीवर संपत नाही. राजस्थानात जोधपूरजवळच्या कांकाणी गावाच्या शिवारात ऑक्टोबर 1998 मध्ये झालेल्या काळविटांच्या शिकारीबद्दल अभिनेता सलमान खान याला 5 एप्रिल 2018 रोजी जी पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ते प्रकरण अभयारण्यातले नव्हते. फरक पडतो तो शिक्षेच्या प्रमाणात, आणि तो मुख्यतः प्राण्याच्या अनुसूचीनुसार पडतो. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, प्राण्यांच्या अनुसूची दोनच ठेवल्या: काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीस किमान तीन ते कमाल सात वर्षे कारावास आणि किमान 25,000 रुपये दंड आहे, चितळ, रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असून तेथे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने यांतील चितळच काय ते खरे सारंग कुळातले, म्हणजे दरवर्षी शिंगे गळून नवी येणारे. काळवीट, चिंकारा आणि रोही हे कुरंग, म्हणजे न गळणाऱ्या शिंगांचे. शेतकऱ्याला या भेदाचे फारसे सोयरसुतक नसते, आणि नसावे हेही योग्यच आहे.

पूर्वी परवाने मिळत होते, मग आताही मिळत असतील, हा समज मात्र निराधार नाही, तो केवळ जुना झाला आहे. 1972 च्या मूळ कायद्यातही मोठ्या आणि लहान सावजांसाठी वेगवेगळ्या शिकार-परवान्यांची तरतूद होती. त्याआधी मध्य भारतातील सरकारी जंगले शिकारीसाठी गटांत, म्हणजे ‘शूटिंग ब्लॉक’मध्ये, विभागलेली असत, वन खाते ठरावीक मुदतीसाठी गट देई आणि परदेशी पाहुण्यांची सोय शिकार-कंपन्या करीत. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेतल्यावर सुरू केलेली ‘अॅल्विन कूपर’ ही अशीच एक कंपनी होती. परंतु त्या काळातही शुल्क जात असे ते सरकारी खजिन्यात आणि नफा कंपनीकडे. वऱ्हाडातील रयतवारी शेतकऱ्याला त्यातून भाडे मिळण्याचा प्रश्न नव्हता. 1991 च्या दुरुस्तीने परवान्यांची ती सगळी व्यवस्थाच कायद्यातून काढून टाकली.

उरतो तो कलम 11 चा अपवाद, आणि सर्वांत मोठा गोंधळ त्याच्याभोवती आहे. उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला मारण्याची लेखी आणि कारणे नमूद केलेली परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देऊ शकतो, आणि महाराष्ट्रात रोही व रानडुक्कर यांच्याबाबत तशी तरतूद करण्यात आलेली आहे. ही परवानगी म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे: ती विशिष्ट जागेपुरती, विशिष्ट उपद्रवासाठी असते, ती दुसऱ्याला विकता येत नाही आणि मारलेले जनावर शासनाचेच राहते, त्यामुळे मांस वाटून घेण्याचा हक्क तिच्यातून मिळत नाही. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी तर पिकाचे नुकसान हे कारणच चालत नाही. मानवी जिवाला धोका किंवा बरा न होणारा आजार अथवा अपंगत्व असेल तरच मुख्य वन्यजीव रक्षक आदेश देऊ शकतात. याच जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागात 13 माणसांच्या मृत्यूस कारणीभूत मानल्या गेलेल्या ‘टी-1’ वाघिणीविरुद्धचा आदेश सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर 2018 मध्ये ती मारली गेल्यावरही वाद शमला नाही, यावरून हा अपवाद किती अरुंद आहे याची कल्पना यावी. कलम 62 खालील ‘उपद्रवी प्राणी’ ही घोषणा आणखी निराळी आहे. ती केंद्र सरकार ठरावीक क्षेत्र आणि मुदतीसाठी करते, जशी डिसेंबर 2015 मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत एका वर्षासाठी केली होती. पीक-संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हाही या अपवादांत येत नाही: शस्त्र अधिनियम, 1959 ठासणीची बंदूक बाळगू देतो, पण ती रोह्यावर झाडण्याची मुभा देणे त्या कायद्याच्या कक्षेत नाही.

पारधी समाजाला शिकारीची सूट आहे, असेही अनेकदा ठामपणे सांगितले जाते. यवतमाळ-अमरावती पट्ट्यातील फासेपारधी बेड्यांची (वस्त्यांची) उपजीविका पूर्वी फासे, जाळी आणि शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ जाण्याचे कौशल्य यांवर चालत असे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने समाजावर मारलेला शिक्का 1952 मध्ये पुसला गेला. तथापि अनुसूचित जमातींच्या शिकार-हक्काचा अपवाद कलम 65 मध्ये केवळ निकोबार बेटांपुरता आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्क मान्य करताना शिकार, सापळा लावणे आणि प्राण्याच्या शरीराचे भाग काढणे स्पष्टपणे वगळले आहे. ज्या समाजाचा धंदा कायद्याने एका फटक्यात गुन्हा ठरवला त्याला पर्यायी उपजीविका त्याच तत्परतेने दिली गेली नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

आपल्या शेताभोवती तार लावून तीत वीज सोडणे हा मालकाचा हक्क आहे, हा समज सर्वांत घातक आहे. खांबावरून आकडा टाकून सोडलेला प्रवाह अखंड वाहतो, स्नायू आखडल्याने जनावराला किंवा माणसाला तारेपासून सुटता येत नाही, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला मजूर रोह्याइतकाच त्यात सापडतो. अशा वेळी वन्यजीव कायद्यासोबत वीजचोरीचा आणि मनुष्यवधाचाही गुन्हा उभा राहतो. ‘झटका मशीन’ या नावाने मिळणारे सौर कुंपण-यंत्र वेगळ्या तत्त्वावर चालते. ते बॅटरीवर चालून जास्त दाबाचा, पण सेकंदाच्या अगदी अल्पांशापुरता टिकणारा ठोका साधारण दर सेकंदाला तारेत सोडते, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरते, चिकटत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणासाठी अनुदान दिले गेले आहे. मात्र तारेला गवत टेकले की ठोका जमिनीत उतरतो, म्हणून पावसाळाभर तारेखालचे तण काढत राहावे लागते, आणि ही मजुरी यंत्राच्या किमतीत कोणी धरत नाही.

नेरच्या शिवारातला खरा खर्च असा जमिनीच्या बाजूने नव्हे, तर राखणीच्या बाजूने मोजावा लागतो. रोही तुरीचे शेंडे खुडतो, कोवळा हरभरा बुडापर्यंत खातो, आणि जेवढे खातो त्याहून अधिक तुडवतो. तो एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकत असल्याने बांधालगतचा तो ढीग पाहून कळपाचा नेहमीचा रस्ता ओळखता येतो, आणि पंचनाम्यात खुरांच्या ठशांइतकाच तो उपयोगी पडतो. रानडुक्कर तारेखालून घुसते, रोही वरून उडी मारतो, त्यामुळे एकच कुंपण दोघांना पुरत नाही. मग जुन्या साड्या बांधणे, माळ्यावर बसून डबे वाजवणे आणि पीक निघेपर्यंत रात्रीची जागल करणे हे आलेच, ज्याची मजुरी घरच्या माणसाची असल्याने उत्पादन खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात ती धरली जात नाही. शासनाकडून पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते. त्यासाठी नुकसान दिसताच विनाविलंब वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा व्हावा लागतो, आणि जागलीचे दिवस, पुन्हा पेरणीचा उशीर किंवा भीतीपोटी न घेतलेले पीक त्या भरपाईत मोजले जात नाही.

जर्मनीतील व्यवस्था या संदर्भात टेक्सासपेक्षा अधिक बोधप्रद आहे. तेथे शिकारीचा हक्क जमिनीशी जोडलेला असला तरी सलग 75 हेक्टरपेक्षा कमी जमीन असणाऱ्यांना तो एकट्याने बजावता येत नाही. त्यांच्या जमिनी एकत्र करून मालकांची शिकार-सहकारी संस्था बनते आणि ती सहसा किमान नऊ वर्षांसाठी मक्ता देते. हरणांनी किंवा रानडुकरांनी केलेल्या पीक-नुकसानीची जबाबदारी त्या संस्थेवर असते आणि करारात ती बहुधा मक्तेदाराच्या गळ्यात घातली जाते, म्हणजे शेतकऱ्याला भाडेही मिळते आणि भरपाईही. तेथे शिकार आहे म्हणून भरपाई देणारा खासगी पक्ष उभा राहतो. येथे शिकार नाही, आणि ती नसावी असे समाजाने कायद्याद्वारे ठरवले आहे, तेव्हा त्या पक्षाची जागा पूर्णपणे शासनाने घ्यायची असते. दोन-चार एकरांचा कोरडवाहू शेतकरी आज त्या निर्णयाचा जो वाटा जागलीच्या आणि खुडलेल्या शेंड्यांच्या रूपाने उचलतो, तो त्याने कोणत्याही करारात मान्य केलेला नाही.