विश्लेषण : ‘नॅक ए++’ म्हणजे विद्यार्थी शिकला, असे समजायचे का?

प्रवेशाचा हंगाम आला की महाविद्यालयांचे फलक बदलतात. ‘नॅक ए++’, ‘एनबीए मानांकित’ ही अक्षरे पाहून पालक लाखो रुपयांचे शुल्क भरतात. पण ही अक्षरे नेमकी कशाची हमी देतात?

दोन शिक्के, दोन कामे...

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद म्हणजे ‘नॅक’. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ मध्ये स्थापन केलेली ही बेंगळुरूची संस्था अख्खे महाविद्यालय तपासते. अध्यापन, संशोधन, सुविधा, प्रशासन अशा सात निकषांवर ४ पैकी गुण मिळतात. ३.५१ किंवा अधिक गुण असतील तर ‘ए++’.

‘एनबीए’ मात्र एकेक अभ्यासक्रम तपासते. म्हणून एकाच महाविद्यालयातील यांत्रिकी शाखा मानांकित आणि शेजारची नवी कृत्रिम बुद्धिमत्तेची शाखा मानांकनाविना असू शकते. किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्याशिवाय शाखेला अर्जच करता येत नाही. फलकावर हा तपशील क्वचितच दिसतो.

अध्ययन निष्पत्ती मोजतात कशी?

पूर्वी तपासणीचा भर संगणक किती, पुस्तके किती यावर असे. आता प्रश्न आहे, शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय करता येते? प्रत्येक विषयासाठी चार-सहा निष्पत्ती लिहिल्या जातात. उदाहरणार्थ, ‘दिलेल्या गरजेसाठी योग्य पंप निवडता येणे’. प्रत्येक निष्पत्ती पदवीच्या व्यापक उद्दिष्टांशी १, २ किंवा ३ अशा वजनाने जोडायची. परीक्षेतील प्रत्येक प्रश्न कोणत्या निष्पत्तीचा, हे नोंदवायचे. गुण तक्त्यात भरले की निष्पत्ती कितपत साधली, याचा आकडा निघतो.

कल्पना चांगली आहे. एखाद्या निष्पत्तीचा आकडा दोन वर्षे खालीच राहिला, तर तेथे जादा तासिका घ्यायची की प्रयोग बदलायचा, हे शिक्षकाला कळते. अडचण अशी की लक्ष्य महाविद्यालयच ठरवते. समजा, ६० टक्के विद्यार्थ्यांनी निम्मे गुण मिळवले तर सर्वोच्च पातळी, असे ठरले. हेच लक्ष्य ४० टक्के गुणांवर आणले, की शिकवण्यात काडीचाही बदल न होता आकडा वर जातो. अंतर्गत गुणही तोच शिक्षक देतो. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात तर अंतिम प्रश्नपत्रिका विद्यापीठाची. ती या निष्पत्तींना धरून असेलच असे नाही. नैतिकता, संघभावना यांसारख्या उद्दिष्टांचा हिशेब बऱ्याचदा निरोपाच्या वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीवर उरकतो. पथक येण्याआधी जुन्या फायली भरण्याची धावपळ प्राध्यापकांना नवी नाही.

परदेशी जाणाऱ्यांना काय फरक पडतो?

अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा ‘वॉशिंग्टन करार’ १९८९ चा. भारत त्याचा पूर्ण सदस्य झाला जून २०१४ मध्ये. पण या कराराचा लाभ एनबीएच्या ‘टिअर-१’ मानांकनालाच आहे आणि ते स्वायत्त संस्था व विद्यापीठ विभागांसाठी असते. संलग्न, बिगरस्वायत्त महाविद्यालयांना ‘टिअर-२’ मिळते. दोघांच्याही फलकावर शब्द एकच, ‘एनबीए मानांकित’! ऑस्ट्रेलियात स्थलांतर करू पाहणाऱ्या अभियंत्याला हा फरक उशिरा कळतो. करारातील पदवी नसेल, तर तेथील ‘इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया’कडे आपल्या कामाचे सविस्तर अहवाल लिहून कौशल्य सिद्ध करावे लागते.

श्रेणींवरचा विश्वास का डळमळला?

नॅकच्या कार्यकारी समितीचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. भूषण पटवर्धन यांनी २०२३ मध्ये गैरप्रकारांकडे बोट दाखवत पद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ए++’साठी लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाचे पदाधिकारी आणि नॅक पथकाचे सदस्य यांना अटक केली. त्याआधीच, जानेवारी २०२४ मध्ये, इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींनुसार श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ एवढाच शेरा देण्याची आणि त्यावर पाच स्तर ठेवण्याची घोषणा झाली होती. प्लसची शर्यत यातून थांबेल. पण लक्ष्य ठरवणारा आणि मोजणारा एकच, ही गाठ तेवढ्याने सुटत नाही.

पालकांनी काय तपासावे?

एनबीएच्या संकेतस्थळावर शाखानिहाय मानांकन, टिअर आणि मुदत दिसते. नॅकची श्रेणी साधारण पाच वर्षांसाठी असते, तेव्हा फलकावरचे वर्ष पाहावे. महाविद्यालयाने नॅकला दिलेला स्वयंमूल्यांकन अहवाल त्याच्या संकेतस्थळावर असतो, त्यातील २.६ हा भाग अध्ययन निष्पत्तीचा. शिवाय अंतिम वर्षाच्या दोन-तीन प्रकल्पांच्या वह्या पाहायला मागाव्यात.